जुळी बाळे घरी येतात तेव्हा



घरात मूल जन्माला आले म्हणजे आनंद आणि एकाच वेळी दोन जन्माला आली म्हणजे दुप्पट आनंद, असे बोलण्याची आपल्याकडे रीत आहे. ती रीत खोटी नाही. परंतु रुग्णालयातून ती दोन बाळे घरी आणण्याचा दिवस उजाडतो, तेव्हा घरातील माणसांच्या चेहऱ्यांवर आनंदाच्या जोडीने धास्तीही दिसू लागते. शिवून ठेवलेली दुपटी एका बाळापुरती असतात, पाळणा एक असतो, बाळंतिणीची खोली लहान असते आणि बाळंतीणही एकच असते. त्यातच बाळे वजनाने कमी असली, तर चार-पाच बाळंतपणे निभावून नेलेल्या आजीचाही हात ती उचलताना कापतो. या धास्तीपैकी काही अगदी रास्त असते आणि बरीचशी अनाठायी असते. कोणती रास्त आणि कोणती अनाठायी, एवढे घरच्यांना उमगले तरी पहिले सहा आठवडे पुष्कळ सुसह्य होतात.

जुळी का होतात, यासंबंधी प्रथम थोडेसे सांगितले पाहिजे. गरोदर सुनेच्या ताटातून जोडकेळे काढून घेणाऱ्या सासूबाई अद्यापही आढळतात. केळ्याचा आणि जुळ्यांचा काडीचाही संबंध नाही. एका फलित बीजाचे दोन भाग होऊन जन्मणारी जुळी एकसारखी दिसतात. त्यांचे प्रमाण जगात जवळपास सर्वत्र सारखेच, म्हणजे दर हजार प्रसूतींमागे तीन ते चार इतके असते. दोन स्वतंत्र बीजांपासून होणारी जुळी मात्र सख्ख्या भावंडांइतकीच एकमेकांसारखी असतात. आईचे वय, तिच्या माहेरची आनुवंशिकता, आधीची बाळंतपणे आणि अलीकडच्या काळात वंध्यत्वावरील उपचार यांनुसार त्यांचे प्रमाण कमीअधिक होते. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यातले कोडिन्ही हे गाव तेथील जुळ्यांच्या असाधारण संख्येसाठी प्रसिद्ध आहे. शास्त्रज्ञांना त्याचे निश्चित कारण अद्याप सांगता आलेले नाही. तात्पर्य, जुळी होणे हा कोणाचा दोष नव्हे आणि कोणाचा पराक्रमही नव्हे.

खरी अडचण संख्येची नसून वेळेची असते. गर्भाचे पूर्ण दिवस सुमारे ४० आठवडे धरतात. जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक बाळे ३७ आठवडे पुरे होण्यापूर्वीच जन्म घेतात. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे कमी वजनाचे समजले जाते, आणि जुळ्यांपैकी फार मोठा भाग या व्याख्येत बसतो. अशा बाळाच्या अंगावर चरबीचा थर नसतो, त्यामुळे ते चटकन गार पडते. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तीन क्रियांचा मेळ साधारण ३४ व्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाला अंगावर पाजणे लगेच जमत नाही. रोगजंतूंशी झुंजण्याची त्याची ताकदही तोकडी असते. ऊब, दूध आणि स्वच्छता या तीन गोष्टी रुग्णालय जे पुरवते तेच घरी पुरवायचे असते. मात्र रुग्णालयात त्यासाठी तीन पाळ्यांत परिचारिका असतात, घरी त्या नसतात.

जिल्हा रुग्णालयांतून नवजात बालकांसाठी विशेष काळजी कक्ष चालविले जातात. तेथून बाळाला घरी केव्हा सोडायचे, हे केवळ वजनाच्या आकड्यावर ठरत नाही. उपकरणाच्या उबेशिवाय बाळाचे अंग गरम राहते की नाही, ते तोंडाने पुरेसे दूध घेते की नाही, काही दिवस सलग त्याचे वजन वाढते आहे की नाही, मध्येच श्वास थांबण्याचे प्रकार बंद झाले आहेत की नाही, हे सारे पाहिले जाते. शेवटचा आणि फार महत्त्वाचा प्रश्न असा की, आईला आणि तिच्या सोबतीच्या बाईला हे सारे जमते का? म्हणून सोडण्याच्या आदल्या दिवशी परिचारिका काही दाखवीत असेल, तर ते आईबरोबर आजीने आणि बाळांच्या वडिलांनीही पाहून घ्यावे. वडील सहसा त्या वेळी औषधाच्या खिडकीपाशी किंवा गाडीच्या शोधात असतात, ही वस्तुस्थिती आहे. गाडीचा शोध खरे तर करावा लागू नये. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम १ जून २०११ पासून सुरू आहे. त्यानुसार शासकीय रुग्णालयातील प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे व आहार विनामूल्य मिळतो आणि आई व बाळांना घरी पोहोचविण्याची वाहनव्यवस्थाही विनामूल्य मिळते. त्यासाठी १०२ या क्रमांकावर दूरध्वनी करावयाचा असतो.

जुळ्यांच्या बाबतीत एक प्रसंग असा उद्भवतो की, ज्याची एकट्या बाळाच्या घराला कल्पनाही नसते. तो म्हणजे एक बाळ घरी जाण्यास योग्य ठरते आणि दुसरे ठरत नाही. उदाहरणादाखल असे समजावे की, एका मातेची प्रसूती ३४ व्या आठवड्यात झाली. एक बाळ १ किलो ९०० ग्रॅमचे आणि दुसरे १ किलो ४०० ग्रॅमचे. दहाव्या दिवशी थोरले अंगावर व्यवस्थित पिते आहे, धाकटे मात्र अजून नळीने दूध घेत आहे. रुग्णालय गावापासून चाळीस किलोमीटर दूर. घरी आणखी एक तीन वर्षांचे मूल. सासूबाई म्हणतात, “एकाला तरी घेऊन चल बाई, घर सुनं पडलंय.” नवऱ्याचा रोज बुडतो आहे. आईचा जीव दोन्हीकडे तुटतो. अशा वेळी कोणी म्हणते, आमच्या जबाबदारीवर दोघांनाही सोडा. कागदावर सही होते आणि बाळ घरी येते.

कक्षात धोक्याबाहेर येत असलेली बाळे ज्या एका कारणाने पुन्हा धोक्यात सापडतात, ते हे होय. घरच्यांचा थकवा खरा असतो, खर्चही खरा असतो. त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. परंतु सही करण्यापूर्वी डॉक्टरांना एक प्रश्न अवश्य विचारावा, “याला आणखी किती दिवस लागतील, आणि ते कशासाठी?” पुष्कळदा उत्तर चार-सहा दिवसांचे असते आणि तेवढे दिवस काढता येतात. आईला राहण्याची सोय रुग्णालयात असेल तर थोरल्या बाळासह तिने तेथेच राहावे, हे सर्वांत उत्तम. थोरले तिच्या अंगावर पिते, त्यामुळे दूध टिकते आणि तेच दूध धाकट्यालाही देता येते. तीन वर्षांच्या मुलाकडे आजीने घरी पाहावे आणि बाळंतिणीपाशी मावशीने किंवा नणंदेने राहावे, अशी वाटणी बऱ्याच घरांत जमते. आईला घरी जाणे अगदीच भाग असेल तर रोज काढलेले दूध कक्षात पोहोचविण्याची आणि बाळाला भेटण्याची जबाबदारी कोणा एका माणसाने नावानिशी घ्यावी. सर्वांची जबाबदारी म्हणजे कोणाचीच नव्हे, हा अनुभव शेतीत आहे तसाच येथेही आहे. मागे राहिलेल्या बाळासंबंधी आईसमोर “त्याचं काही खरं नाही” असे बोलणे कटाक्षाने टाळावे.

क्वचित तसे खरेही ठरते. जुळ्यांतील एक बाळ दगावते आणि आई एकाला घेऊन घरी येते. त्या घराचे दुःख विचित्र असते, कारण त्याच दिवशी पाळणाही बांधायचा असतो. शेजारणी समजूत घालतात, “एक तरी हाती लागलं.” हेतू चांगला असतो, पण आईच्या लेखी ती दोन बाळे होती. तिला गेलेल्या बाळाविषयी बोलू द्यावे, त्याचे नाव ठेवले असेल तर ते घेऊ द्यावे. राहिलेल्या बाळाचे दूध तिच्या रडण्याने नासत नाही. ती समजूत निराधार आहे. मनावरचा ताण फार झाला तर पान्हा काही वेळ रोखला जातो, आणि म्हणून तिला गप्प बसविण्यापेक्षा धीर देणे अधिक उपयोगाचे.

आता उबेविषयी. कोलंबिया देशातील बोगोटा शहरात १९७० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. एडगर रे यांच्या प्रसूतिगृहात उबेची उपकरणे अपुरी होती आणि कमी दिवसांची बाळे अधिक होती. त्यांनी बाळाला उघड्या अंगाने आईच्या उघड्या छातीशी उभे बांधून ठेवण्याची रीत सुरू केली. कांगारू हा प्राणी आपले पिल्लू पोटाच्या पिशवीत वाढवितो, त्यावरून तिला कांगारू मातृ काळजी हे नाव पडले. टंचाईतून जन्मलेली ही रीत पुढे उपकरणालाही मागे टाकील, असे तेव्हा कोणाला वाटले नसेल. भारत आणि आफ्रिकेतील चार देश यांत झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. १ किलो ते १ किलो ८०० ग्रॅमपर्यंतच्या बाळांना बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता, जन्मानंतर लगोलग अशी ऊब दिल्यास पहिल्या महिन्यातील मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी होतात, असे त्यात आढळले. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय या चाचणीतील एक केंद्र होते. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने कमी दिवसांच्या वा कमी वजनाच्या सर्व बाळांसाठी दिवसाकाठी ८ ते २४ तास ही ऊब द्यावी, अशी शिफारस केली.

जुळ्यांच्या आईला लगेच प्रश्न पडतो की, छाती एक आणि बाळे दोन, हे कसे व्हावे? दोन्ही बाळे एकाच वेळी, दोन बाजूंना, मऊ सुती कापडाने बांधता येतात. पण ते सदासर्वकाळ शक्य नाही, आणि येथेच घरातील इतरांची गरज लागते. बाळाला ऊब देण्यासाठी अंगावर दूध असावे लागत नाही. वडील, आजी, मावशी, आत्या, जिचे किंवा ज्याचे अंग स्वच्छ आहे आणि ज्याला सर्दी-खोकला किंवा त्वचेचा रोग नाही, अशा कोणालाही बाळ छातीशी धरता येते. बाळाच्या अंगावर फक्त लंगोट, टोपडे आणि पायमोजे असावेत. मान किंचित मागे व एका कुशीला असावी म्हणजे श्वास मोकळा राहतो. सदरा काढून बाळ छातीशी धरणाऱ्या बापाला पाहून आळीतील पोक्त माणसे प्रथम हसतात. चार दिवसांनी हसत नाहीत.

प्रवासातही हेच धोरण ठेवावे. एक बाळ आईच्या छातीशी, दुसरे सोबतीच्या बाईच्या छातीशी, वरून शाल. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बाळ दाबून नेणे हे वाऱ्याच्या दृष्टीने तर वाईटच, पण श्वास कोंडण्याच्या दृष्टीनेही वाईट. दारात भाकरतुकडा ओवाळून टाकावा, पायांवर पाणी घालावे. त्यात बाळांचे काही बिघडत नाही. फक्त तो सोहळा लांबवू नये आणि बाळे हातोहाती फिरवू नयेत. पूर्वीच्या सोयरात दहा दिवस बाळंतिणीच्या खोलीत कोणी शिरत नसे. त्यामागील विटाळाची कल्पना टाकून द्यावी हे योग्यच, परंतु येणाऱ्या-जाणाऱ्यांपासून बाळाला दूर ठेवण्याचा भाग मात्र जपावा. ज्याला बाळ घ्यायचे आहे त्याने साबणाने हात धुवावेत, हा नियम घरच्या कर्त्या बाईने सांगितला तर पाहुण्यांना राग येत नाही. सुनेने सांगितला तर येतो. म्हणून तो कर्त्या बाईनेच सांगावा.

खोली अशी असावी की, मोठ्या माणसाला तेथे किंचित उकडावे. पण त्यासाठी बाजेखाली शेगडी ठेवण्याची आणि ओवा, बाळंतशोपा टाकून धुरी देण्याची जी चाल आहे, ती कमी दिवसांच्या बाळाला घातक आहे. त्याची फुप्फुसे आधीच नाजूक असतात. त्यांत बंद खोलीतला धूर जातो. आईच्या कंबरेला शेक हवा असेल तर गरम पाण्याच्या पिशवीने, बाळांना दूर ठेवून घ्यावा. न्हाऊ-माखू घालण्याचीही घाई नको. बाळाचे वजन दोन किलोंच्या पुढे जाऊन डॉक्टर सांगेपर्यंत कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या मऊ कापडाने अंग पुसावे व लगेच कोरडे करावे. गडचिरोली जिल्ह्यातील ‘सर्च’ या संस्थेच्या आरोग्यदूतांनी कमी वजनाच्या बाळांसाठी ऊबदार पिशवी खेडोपाडी वापरून दाखविली आहे. टोपी, मोजे आणि अशी पिशवी घरच्या कापडातही शिवता येते.

दुधाच्या बाबतीत जितके गैरसमज आहेत तितके दुसऱ्या कशाच्याही बाबतीत नसतील. “दोघांना पुरायचं कुठनं?” हा प्रश्न बाळंतिणीला रुग्णालयातच ऐकू येतो आणि घरी पोहोचेपर्यंत पावडरचा डबा आलेला असतो. वस्तुतः दूध हे विहिरीच्या झऱ्यासारखे आहे, रांजणासारखे नाही. जितके उपसावे तितके येते. दोन बाळे पिऊ लागली की शरीर दोघांपुरते दूध करू लागते. पहिले काही दिवस प्रत्येक बाळाला दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे लागते. दोघांना वेगवेगळे पाजले तर ही संख्या सोळा ते चोवीस होते, आणि आईला झोपेस वेळ राहत नाही. म्हणून दोघांना एकदम पाजण्याची युक्ती शिकून घ्यावी. दोन्ही बाजूंना उशा घेऊन, एकेका बाळाचे पाय काखेखालून मागे आणि डोके पुढे, असे दोन्ही हातांवर दोघांना धरता येते. सुरुवातीला बाळे लावून देण्यास दुसरे माणूस लागते; तीन-चार आठवड्यांत आईला एकटीलाही ते साधते. बाजू आलटून-पालटून द्याव्यात, कारण जोराने ओढणारे बाळ ज्या बाजूला असेल तिकडे दूध अधिक येते आणि त्याचा लाभ दुर्बळालाही मिळाला पाहिजे. जे बाळ पिता पिता दमून झोपते, त्याला पाजून झाल्यावर काढलेले दूध वाटी-चमच्याने द्यावे. जुन्या घरांत बोंडले असते. ते उकळून घेतले आणि त्याचे तोंड आतून घासता येत असेल तर चालते. रबरी बोळ्याची बाटली मात्र नको. ती स्वच्छ ठेवणे कठीण, शिवाय तिची सवय लागली की बाळ अंगावर पिण्यास कुरकुरते. काढलेले दूध स्वच्छ, झाकलेल्या भांड्यात साध्या हवेत चार तास चांगले राहते.

मध, बाळगुटी, साखरपाणी, गायीचे पातळ केलेले दूध यांपैकी काहीही सहा महिने देऊ नये. मधातून क्वचित असे जंतू जातात की ज्यांच्या विषाने तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडतात. एखाद्या आईला खरोखरच दूध अपुरे पडत असेल, विशेषतः शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवसांत, तर कक्षातील बाळांसाठी मातृदुग्धपेढीचा आधार मिळू शकतो. अशी आशियातील पहिली पेढी मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ साली सुरू झाली.

दूध पुरते की नाही हे रडण्यावरून ठरवू नये. दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लघवी होते का आणि वजन वाढते का, हे पाहावे. पहिल्या आठवड्यात प्रत्येक बाळाचे वजन थोडे घटते आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत येते. पुढे रोज वीस ते तीस ग्रॅमची भर पडावी. जुळ्यांची एकमेकांशी तुलना करण्याचा मोह घरातल्या प्रत्येकाला होतो. तुलना करायचीच तर प्रत्येकाची त्याच्या स्वतःच्या मागल्या आठवड्याच्या वजनाशी करावी.

येथे एक साधी वही फार उपयोगी पडते. पानाच्या मध्ये रेघ, डावीकडे थोरले, उजवीकडे धाकटे. केव्हा पाजले, लघवी-शी केव्हा झाली, औषधाचे थेंब दिले की नाही. रात्री तीन वाजता झोपेच्या गुंगीत एकालाच दोनदा पाजले जाते आणि दुसरे शांत पडून राहते. शांत पडून राहणारे बाळ शहाणे म्हणून कौतुकाचे ठरते, ते बहुधा दुबळे असते. दोघे एकसारखे दिसत असतील तर एकाच्या पायात सैलसा दोरा किंवा एकाच्या पायाच्या नखाला रंग अशी खूण ठेवावी. औषध चुकून एकाला दोनदा जाण्याचा धोका त्यामुळे टळतो. मनगटात काळे मणी बांधण्याची चाल या कामी येऊ शकते, मात्र एकालाच बांधावेत आणि ते रुतत नाहीत हे पाहावे.

मुलगा आणि मुलगी अशी जुळी असतील तेथे ही वही आणखी एक गोष्ट सांगून जाते. आधी कोणाला पाजले, रात्री कोणाला उठवून पाजले, अंग गरम लागल्यावर कोणाला दवाखान्यात नेले, हे त्यात उतरते. एकाच दिवशी, एकाच घरात, एकाच आईच्या पोटी जन्मलेल्या दोघांच्या वजनांतील अंतर महिन्यागणिक वाढत गेले, तर त्याचे कारण नेहमीच आजारात सापडेल असे नाही. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबांतील मुलींसाठी राज्यात २०२३ पासून ‘लेक लाडकी’ योजना आहे. तीत जन्मानंतर ५ हजार रुपयांपासून मुलगी १८ वर्षांची होईपर्यंत टप्प्याटप्प्याने एकूण १ लाख १ हजार रुपये देण्याची तरतूद आहे. अंगणवाडी सेविकेकडे तिचा अर्ज मिळतो.

घरी आल्यावर दाराशी येणारी पहिली जाणती व्यक्ती म्हणजे गावची आशा स्वयंसेविका. तिच्या भेटींमागे महाराष्ट्रातलाच इतिहास आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांतून गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी शिकविली. त्या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटले, आणि हा निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तीच रीत २०११ पासून देशभर लागू झाली. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी ठरलेल्या आहेत. जुळी असतील तर तिला दोन्ही बाळांचे वजन करावयाचे असते, दोन कार्डे भरावयाची असतात. “एकच केलं, दुसरं झोपलंय” असे घरच्यांनी म्हणू नये. झोपलेल्याचेही वजन करून घ्यावे.

ताबडतोब रुग्णालय गाठण्याच्या खुणा मात्र आशाताईची वाट न पाहता ओळखल्या पाहिजेत. बाळ प्यायचे थांबले किंवा चोखणे मंदावले, ते मलूल पडले, श्वासांची गती मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक झाली, श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली, झटके आले, पोट व तळपाय दोन्ही गार लागले किंवा अंग तापले, तळहात-तळपायांपर्यंत कावीळ पसरली, तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि वाटेत बाळ छातीशी धरून न्यावे. जुळ्यांपैकी एकाला दुखले की दुसऱ्यालाही दुखते, असे जे म्हणतात त्यात गूढ काही नाही. दोघे एकाच दुपट्यात, एकाच हवेत असतात, म्हणून एक आजारी पडले तर दुसऱ्यालाही तपासून घ्यावे.

आणखी एक तपासणी अशी आहे की ती चुकली तर आयुष्यभराची हानी होते. दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्यावरील रक्तवाहिन्या अपुऱ्या वाढलेल्या असतात आणि त्या वाकड्यातिकड्या वाढून दृष्टी जाऊ शकते. बाहेरून डोळा अगदी निकोप दिसतो. ही तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत, आणि फारच लहान बाळांची त्याहूनही आधी, नेत्रतज्ज्ञांकडून व्हावी लागते. बाळ घरी छान पिते आहे, बाळसे धरते आहे, मग पुन्हा जिल्ह्याला कशाला जायचे, असे वाटण्याचा हाच तो काळ होय. घरी सोडताना मिळणाऱ्या कागदावर ही तारीख लिहिलेली असते. तो कागद ट्रंकेत न ठेवता भिंतीवरील दिनदर्शिकेला टाचून ठेवावा. लसींच्या तारखाही जन्मतारखेपासूनच मोजावयाच्या असतात. बाळ लवकर जन्मले म्हणून त्या पुढे ढकलावयाच्या नसतात.

जन्मनोंदणी २१ दिवसांच्या आत व्हावी, असा १९६९ चा कायदा आहे. रुग्णालयातील जन्माची नोंद रुग्णालयाकडूनच कळविली जाते, परंतु जुळ्यांच्या दोन स्वतंत्र नोंदी झाल्या आहेत ना आणि दोन्ही दाखले मिळाले ना, हे पाहणे कुटुंबीयांच्या हाती आहे. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून अनेक कामांसाठी जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा लागतो.

या सर्व धावपळीत जिच्याकडे पाहायचे राहून जाते ती आई. जुळ्यांच्या बाळंतपणात रक्तस्राव अधिक होतो, शस्त्रक्रियाही बरेचदा होते. लोहाच्या गोळ्या प्रसूतीनंतर १८० दिवस घ्यावयाच्या असतात. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू खुशाल द्यावेत, पण त्यांच्या जोडीला डाळ, पालेभाजी, अंडी, दूध आणि पोटभर भाकरी हवी. बाळंतिणीला पथ्य म्हणून वरण-भातावर ठेवण्याने दोन बाळांचे दूध निघत नाही. ताप, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा अतिरक्तस्राव झाल्यास तिलाही रुग्णालयात न्यावे. काही माता दोन आठवडे उलटले तरी सारख्या रडतात, झोप येत असूनही झोपू शकत नाहीत, बाळांकडे पाहण्याची इच्छा नाही असे म्हणतात. हे नखरे नव्हेत, हा आजार आहे आणि तो बरा होतो. ‘टेली-मानस’ या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर त्यासंबंधी विनामूल्य सल्ला मिळतो.

आणि तिच्या झोपेची काहीतरी व्यवस्था लागलीच पाहिजे. ज्या घरांत ती लागते तेथे बहुधा अशी वाटणी दिसते. रात्री दहाला आई दोघांना पाजून आडवी होते. थोरले आजीच्या कुशीशेजारच्या पाळण्यात उताणे निजते, धाकटे वडिलांच्या छातीशी बांधलेले असते. वडील भिंतीला टेकून, डोळे मिटू न देता बसतात. साडेबाराला आजी आईला उठवते, बाळे लावून देते, ढेकर काढते आणि वहीत दोन रेघा ओढते. पहाटे तीनच्या पाजण्यानंतर धाकटे आजीकडे जाते, कारण वडिलांना सहाच्या एस.टी.ने कामावर निघायचे असते.